नागपूर ते ऑकलंड, टप्प्यांत

एस.टी.त सहा किलोमीटरचा एक टप्पा.
चार भरले काय न् साडेपाच भरले काय,
टप्पा तो टप्पा, पैसे पूर्ण.
हे मी एकतीस वर्षं लोकांना समजावलं,
दिग्रस-पुसद, पुसद-दिग्रस,
आणि रात्री नऊची मुक्कामी, सावळी.

म्हणून प्रांजली म्हणाली,
"बाबा, नागपूरहून दोहा
दोन हजार नऊशे किलोमीटर, चार तास,"
तेव्हा मी आधी सहानं भागलं.
चारशे त्र्याऐंशी, न् वर थोडे. चौऱ्याऐंशी धरा.
पुढं दोहा-ऑकलंड साडेचौदा हजार,
साडेसोळा तास, एका दमात.
दोन हजार चारशे सतरा.

बेरीज जुन्या वेबिलच्या पाठीमागं मांडली.
दोन हजार नऊशे एक टप्पे.
प्रवासी संख्या: एक.

पंचफुला ज्वारी निवडत होती.
सुपातून मान न काढता म्हणाली,
"साडेसोळा तास? न् मधातच कोणाले
उतरा वाटलं तं?"

मी पेन्सिल खाली ठेवली.
माझ्या गाडीत बकरीवाल्यानंही दोरी ओढली
तर घंटी वाजायची.
पळसाखाली, नाल्याजवळ, कुठंही,
मी चिडायचो, पण उतरवायचो.

सावळीहून विमानतळ दोनशे दहा किलोमीटर.
नेमके पस्तीस टप्पे, एक मीटर वाया नाही.
सकाळी सातला निघालो.
आर्णीच्या अलीकडं चाक बसलं,
यवतमाळला चहा, वर्ध्याला मोर्चा.
सात तास लागले.
पस्तीसाला सात, चारशे चौऱ्याऐंशीला चार.
हा हिशोब डेपोत कोणी दिला असता
तर मी त्याला परत पाठवला असता.

काचेच्या दारात बंदूकवाला जवान.
त्यानं तिचा कागद पाहिला, फोटो पाहिला,
मग एकदा तिचं तोंड.
मीही असाच पाहायचो, आधी तिकीट,
माणूस उरला तर मग.
"आप यहीं रुकिए," म्हणाला.
एकतीस वर्षांत मला पहिल्यांदा
कोणी गाडीत चढू दिलं नाही.

परतताना वाहकाच्या बाजूची सीट मिळाली.
पोरगा नवा, हातात मशीन,
बोट लावलं की तिकीट बाहेर.
मी मनात गुणत होतो:
रोजचे दोनशे, वर्षाला अडीचशे दिवस,
एकतीस वर्षं.
साडेपंधरा लाख किलोमीटर!
म्हणजे ऑकलंडला मी
चव्वेचाळीस वेळा जाऊन परत आलो असतो,
वर थोडा उरला असता.
न् खरं तर दोन तालुक्यांच्या बाहेर
ड्यूटीवर कधी गेलोच नाही.
पोऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सुट्टे द्या काका."

रात्री झोप आली नाही.
वेबिलात निघायची वेळ असते, पोचायची वेळ असते.
तिची वेळ कुठं लिहू?
तिथलं घड्याळ साडेसहा तास पुढं.
ती उडत असताना वाटेत कुठंतरी
साडेसहा तास गळून पडले.
एवढी तूट माझ्या थैलीत निघाली असती
तर पगारातून कापली असती.

ती पाच-सहा वर्षांची होती.
पास होता तिचा, तिकीट लागत नव्हतं,
तरी पुढच्या सीटवर हात पसरून बसायची.
"मले पंच मारा."
मी पंच तिच्या करंगळीच्या नखाजवळ न्यायचो
आणि हवेतच टकटक करायचो.
ती बोट उजेडाकडं धरून भोक शोधायची.
सावळी येईपर्यंत शोधायची.

परवा पहाटे फोन वाजला.
"पोचली," एवढंच, न् पाठीमागं
कोण्या अनोळखी भाषेतली घोषणा.
पंचफुलानं फोन हिसकला.
"जेवली काय? काय जेवली?"

मी अंगणात गेलो.
मुक्कामी गाडी वडाखाली उभी होती,
टपावर दव, वाहक आतल्या सीटवर झोपलेला.
पंच अजून आहे माझ्याजवळ, परत करायचा राहिला.
वेबिलाच्या शेवटच्या ओळीला एकदा मारला.
कागद जुना. भोक जरा मोठंच पडलं.